गॅलरीतला मास्टर पीस

नऊ डिसेंबर, मंगळवार. हवामान कोरडं, थंडी कानाला झोंबणारी, सकाळी दाट धुकं… थांबा, थांबा! धुकं म्हणालो ना मी? बघा, जिभेला अजून तीच सवय! अहो, ते धुकं नव्हतं! तेच रडगाणं घेऊन तर तुमच्यापुढं उभा राहिलोय. झोपायच्या आधी दिवस लिहून ठेवायचा, तारीख, वार, हवा कशी होती, हा माझा जुना नाद, आणि दर डिसेंबरला मी काय लिहीत आलोय? 'सकाळी छान धुकं.' छान! आता काय बोलायचं या माणसाला?

तर मी ज्ञानदेव. मूळचा धाराशिवकडचा, आता राहायला चिखलीत, दोन खोल्या आणि मागं एक गॅलरी, भाड्यानं. कामाला चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटीला. क्वालिटी म्हणजे काय? तर लाइनवरून पार्ट आला की हातात घ्यायचा, उलटा करायचा, सुलटा करायचा, उजेडाला धरायचा आणि ज्यानं तो बनवलाय त्याचं तोंड उतरेल असं काहीतरी बोलायचं. पण उगाच नाही हं बोलायचं! आम्ही क्वालिटीवाले, बघितल्याशिवाय बोलत नाही.

आणि कामाला जातो मी सायकलवरून. हसा, हसा. कंपनीतही हसतात. आमचा रणजीत, फोर्कलिफ्ट चालवतो, तो तर गेटावरच सुरू होतो, "काय भावा, पेट्रोल महागलं का रे तुझ्या सायकलीचं?" रोज! तोच विनोद, तेच गेट, आणि रोज स्वतःच हसतो. पण मी सायकल सोडली नाही. का? सांगतो. दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधतो, घरी आलो की घरचे माझ्या शोधतात, मधला तो चिखलीपासून मोशी, मोशीपासून नदीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, चाकण एवढा पट्टा असा आहे की जिथं कुणीच कुणाची चूक काढत नाही. पायडल मारायचं आणि जायचं. बास! कंपनीची बस आहे की, फुकट आहे, दाराशी येते. पण त्या बसमध्ये बसलं की शेजारचा खांद्यावर झोपतो, मागचा फोनवर मोठ्यानं भांडतो, आणि पुढं रणजीत असतो. नको! सायकल एवढीच माझी काय ती चैन.

तर त्या मंगळवारी संध्याकाळी घरी आलो, बेसिनपाशी गेलो, तोंडावर पाणी मारलं आणि शिंकलो. साधी शिंक हो! आणि बेसिनमध्ये बघतो तर… काळं. काळं म्हणजे कसलं काळं? काजळाची डबी सांडावी तसलं! पांढरं बेसिन, त्यावर ते काळं, आणि वर आरशात मी. मला आधी वाटलं नळातून काही आलं. नळ बंद केला. परत शिंकलो. परत काळं! आता बोला! म्हणजे पुरवठा आतूनच होता!

आणि नेमकी जयमाला मागं उभी. जयमाला म्हणजे आमची मंडळी. हातात उलथनं. तिनं बेसिनमध्ये बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत बेसिनमध्ये बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे तुमच्या नाकातलं?"

मी म्हटलं, "नाही, नाही, आधीपासूनच असेल…"

"मी आत्ता घासलंय बेसिन."

संपलं! दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून डॉक्टरकडं. तुम्हाला सांगतो, त्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, "श्वास घ्या" म्हणाला, घेतला, "सोडा" म्हणाला, सोडला, आणि तो खुर्चीत मागं टेकून विचारतो कसा, "दिवसाला किती ओढता?"

"काय ओढतो?"

"सिगारेट हो."

"एकही नाही."

"बिडी?"

"नाही."

"कधीकाळी?"

"कधीच नाही!"

"मग करता तरी काय तुम्ही?"

मी आपलं खालच्या मानेनं म्हटलं, "सायकल चालवतो."

"कुठून कुठं?"

"चिखली ते चाकण."

त्यावर तो डॉक्टर "अरे बाप रे" म्हणाला हो! डॉक्टर! मी हादरलो. व्यायाम करा, व्यायाम करा म्हणून ज्यांनी भिंतीवर तक्ते लावलेत, तेच म्हणतात अरे बाप रे! मग मला समजावून सांगायला लागला, की बसमधला माणूस बसून असतो, हळू श्वास घेतो, तुम्ही पायडल मारता, म्हणजे भात्यासारखी छाती चालते, आणि पुढं ट्रक, मागं कंटेनर, शेजारी डंपर, म्हणजे इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट हवा तुम्ही आत ओढता, आणि तीही थेट धुराच्या नळकांड्याच्या उंचीवरून. मी ऐकतोय. माझ्या डोळ्यासमोर चिंबळी फाटा! तिथं सिग्नलला कंटेनर उभा असतो ना, त्याचं ते धुराडं बरोबर माझ्या कानाशी! मी इतकी वर्षं त्याच्या मागं सावली मिळते म्हणून उभा राहायचो. सावली!

शेवटी डॉक्टर म्हणाला, "सायकल सोडा, नाहीतर चांगला मास्क लावा."

आता गंमत बघा, एकच वाक्य, ऐकणारी माणसं दोन. जयमालानं ऐकलं, "सायकल सोडा." मी ऐकलं, "मास्क लावा." दवाखान्याच्या जिन्यातच जुंपली.

आणि घरी आलो तर दारात आबाजी. आबाजी आमचे घरमालक, इथले मूळचे. जिथं आमची बिल्डिंग आहे तिथं त्यांची शेती होती. आता खाली ते राहतात, वर भाडेकरू राहतात. त्यांची नजर माझ्या सायकलीवर कधीपासूनची. का, तर गुडघ्याच्या डॉक्टरनं त्यांना सायकल सांगितलेली. पण रस्त्यावर नाही हं! त्यांचा बेत वेगळाच.

"न्हाई न्हाई, रस्त्याव कशाला? गच्चीत ठिवायची, मागलं चाक लाकडाव उचलून, आन नुसतं पायडल मारायचं."

मी म्हटलं, "आबाजी, म्हणजे जायचं कुठंच नाही?"

"मला कुठं जायाचंय? समदं हितंच आलंय की!"

आणि जयमाला काय म्हणते त्यांना? "आबाजी, रविवारी घेऊन जा सायकल." माझ्यासमोर! माझी सायकल! जसं काही शेजारी वाटी साखर मागायला आलेत! त्या सायकलीची घंटासुद्धा मी कुणाला वाजवू देत नाही, आणि ती आता गच्चीवर लाकडी ओंडक्यावर मागचं चाक हवेत फिरवत उभी राहणार? मी म्हटलं, नाही. असा निकाल लागत नाही. पुरावा पाहिजे. आम्ही क्वालिटीवाले, बघितल्याशिवाय बोलत नाही!

"काय बघायचंय अजून?" जयमाला म्हणाली. "बेसिन बघितलं की."

मी म्हटलं, "बेसिन झालं मास्कच्या आधीचं. आता मी मास्क लावून जातो. रविवारपर्यंत. रोज संध्याकाळी मास्क तपासायचा. मास्क काळा झाला तर सायकल आबाजींची. नाही झाला तर माझी. मग जन्मात परत विषय काढायचा नाही."

"काळा झाला की नाही ते ठरवणार कोण? तुम्ही?"

बघा, बायको क्वालिटीवाल्याची शोभते की नाही? प्रश्न अगदी बरोबर! आणि उत्तर माझ्याकडं तयार होतं. मास्टर पीस!

आता मास्टर पीस म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आमच्याकडं कुठलाही पार्ट चांगला का वाईट हे मनानं ठरवत नाहीत. एक पार्ट असा असतो जो सगळ्यांनी पास केलेला, त्याच्यावर सही, त्याच्यावर शिक्का. तो म्हणजे मास्टर. लाइनवरून आलेला माल त्याच्या शेजारी धरायचा. जुळला, ओके. नाही जुळला, रिजेक्ट. साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब असो, मास्टरपुढं कुणाचं काही चालत नाही. मास्टर खोटं बोलत नाही!

मी मेडिकलमधून मास्क आणले. चांगले, जाड, वाटीसारखे, पांढरेशुभ्र, पाकिटात पाच. एक काढला, हा माझा. दुसरा काढला, त्याच्यावर पेनानं सही केली, तारीख घातली आणि जाहीर केलं, "हा मास्टर! याला कुणी हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी माझा मास्क याच्याशी जुळवायचा."

आमची वर्षाली, बारावीला आहे, पुस्तकातून मान वर करून म्हणते, "पप्पा, मास्कवर सही?"

मी म्हटलं, "अभ्यास कर."

आता हा मास्टर ठेवायचा कुठं? कंपनीत मास्टर कसा असतो सांगू का? कागदात गुंडाळलेला, डब्यात, डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली साहेबाकडं. मी घरातलं कपाट उघडलं तर जयमाला, "ते दवाखान्याचं माझ्या साड्यांत नको!" देवघराच्या खाली ठेवायला गेलो तर, "तिथं तर मुळीच नको!" स्वयंपाकघरात म्हणाल तर फोडणीचा वास बसतो. शेवटी काय केलं मी? या क्वालिटीवाल्यानं काय केलं? मागच्या गॅलरीत, कपडे वाळवायच्या दोरीवर, चिमट्यानं लावला. मोकळ्या हवेत! म्हटलं, हवेशीर राहील!

हसताय तुम्ही. तुमच्या आत्ताच लक्षात आलं. माझ्या नाही आलं हो! बारकासा ओरखडा उजेडाला धरून ओळखणारा माणूस मी, माझ्या नाही लक्षात आलं!

तर गुरुवारी पहिल्यांदा मास्क लावून निघालो. काय सांगू तुम्हाला! आत गरम वाफ, बाहेर गारठा, चष्म्यावर धुरळा. मोशीला पोचेपर्यंत मिशीला घाम! श्वास घ्यावा तर मास्क नाकाला चिकटतो, सोडावा तर चष्म्यात जातो. आंधळ्यासारखा चाललोय, बाजूनं एक डंपर खडी उधळत गेला, मी आपलं अंदाजानं उजवीकडचा उजेड तो रस्ता, डावीकडचा अंधार ते गटार असं धरून. आणि रस्त्यावरची माणसं! कुरुळीत टपरीवर एकजण दुसऱ्याला सांगतोय, "बघ रं, परत सुरू झालं वाटतं!" त्यांनी गडबडीनं शर्ट नाकावर ओढले! मी थांबून सांगणार होतो, अहो तसलं काही नाही. पण मास्कमधून आवाज कुठं फुटतोय? "ऊं ऊं ऊं" असं काहीतरी गेलं त्यांच्यापर्यंत. ते आणखी मागं सरकले!

गेटावर रणजीत. "काय डॉक्टर, ऑपरेशन कुणाचं?"

मी सांभाळून मास्क काढला, घडी घालून चेनच्या पिशवीत ठेवला, पिशवी डब्यासोबत लॉकरमध्ये. संध्याकाळी परत लावला, घरी आलो, हातपाय न धुता थेट गॅलरीत, घरातली सगळी मागं. ट्यूब लावली. मास्टरशेजारी माझा मास्क धरला…

राखाडी! पहिल्या दिवशी! मास्टर कसा, दुधासारखा. माझा कसा, तर चुलीपुढं ठेवल्यासारखा, आणि जिथं नाकपुड्या येतात तिथं दोन ठिपके, काळे, गोल, मला बघतायत! हे एका दिवसाचं! मग इतकी वर्षं हे सगळं… कुठं गेलं? मी छातीवर हात ठेवला. खरंच ठेवला.

जयमाला नुसती "हं" म्हणाली. त्या "हं"पेक्षा दोन शिव्या परवडल्या!

मी म्हटलं, "एवढा फरक चालतो, टॉलरन्समध्ये बसतो."

"तो टॉलरन्स कंपनीत ठेवा तुमचा. रविवारी आबाजी येणार आहेत."

रात्रभर डोळ्यापुढं गच्ची. गच्चीवर सायकल. सायकलवर आबाजी, लुंगी वर खोचून.

शुक्रवारी रस्ता बदलला. मोठ्या रस्त्यानं कमी, आतल्या गल्ल्यांनी जास्त. ट्रकच्या मागं थांबलो नाही, पुढंही थांबलो नाही, सिग्नलला तर बाजूला उतरून दुकानाच्या पायरीवर श्वास धरून उभा! एक दुकानदार म्हणाला, "काका, चक्कर येतीय का?" मी मानेनंच नाही म्हटलं, कारण तोंड उघडलं की हिशेब चुकणार. संध्याकाळी आलो. ट्यूब लावली. धरला मास्टरशेजारी…

फरक कमी!

कालच्यापेक्षा कमी! मी डोळे चोळले. जयमालाला म्हटलं, "बघ. नीट बघ." तिनं बघितलं. वर्षालीनं बघितलं. फरक होता, पण थोडा! म्हणजे मास्क तोच, दिवस एक जास्त, आणि फरक कमी? मी म्हटलं, रस्ता बदलल्याचा गुण! दुसऱ्या दिवशी रणजीतला सांगितलं, तर तो अगदी गंभीरपणे म्हणतो, "भावा, असंच असतं. नवीन इंजिन पहिले काही दिवस धूर मारतं, मग सेट होतं. तुझं नाक सेट झालं." आणि मला पटलं हो! मी, शिकलेला माणूस, फोर्कलिफ्टच्या सावलीत उभा राहून मान डोलावली!

शनिवारी संध्याकाळी काय सांगू… जुळला! तंतोतंत जुळला! माझा मास्क आणि मास्टर, जुळे भाऊ! या टोकाला बघा, त्या टोकाला बघा, फरक औषधालासुद्धा नाही! मी गॅलरीतून ओरडलो, "ओके! पास! जयमाला, मास्टरशी जुळतोय!" खालच्या गल्लीत एकजण ग्राइंडर चालवत होता, त्यानं ग्राइंडर थांबवून वर बघितलं. मी त्यालाही मास्क दाखवला!

जयमाला आली. बघितलं. परत बघितलं. चष्मा लावून बघितलं. शेवटी म्हणाली, "जुळतोय खरा." पण तिच्या आवाजात काहीतरी होतं. "मला का बरं वाटत नाहीये?"

मी म्हटलं, "हरल्यावर कुणाला बरं वाटतं?" आणि म्हटलं, "आम्ही क्वालिटीवाले, बघितल्याशिवाय…"

"कळलं, कळलं," ती म्हणाली.

त्या रात्री मी सायकलीच्या चेनला तेल दिलं. स्पोक न् स्पोक पुसला. झोपताना इतका गाढ झोपलो की खोकला आला तेव्हाच उठलो.

रविवार उजाडला. आबाजी आले. येताना दोरी, पान्हा आणि मोजायची टेप! मी दारातच आडवा झालो. "आबाजी, निकाल लागला. सायकल पास झाली. चहा घ्या आणि जा."

"आसं कसं? दाखवा की आमाला बी."

चला म्हटलं, दाखवतो. गॅलरीत नेलं. मास्टर दोरीवर. त्याच्या शेजारी मी माझा चिमट्यानं लावला. "बघा. काही फरक?"

आबाजी डोळे बारीक करून बघतात. "न्हाई बा. येकसारखंच हाय."

"झालं तर मग!"

"मला बी येक द्या बरं, लावून बघतो. सायकल न्हाई तं मास्क तरी."

मी मोठ्या मनानं पाकिटातून नवा काढून दिला. आबाजींनी तो लावला, मिशा आत कोंबल्या, उजेडात माझ्याकडं वळले… आणि तुम्हाला सांगतो, माझी क्वालिटीवाली नजर एका झटक्यात तिथं अडली. हा जुळत नव्हता! मास्टरशी जुळत नव्हता! लख्ख वेगळा!

मी काय म्हणालो असेन? सांगा बरं! मी म्हणालो, "आबाजी, काढा तो! डिफेक्टिव्ह पीस आहे! बघा कसा पांढरा पडलाय!"

"पांढरा पडलाय?" आबाजी मास्कमधून.

"मास्टरशी बघा ना! कुठं मास्टरचा रंग आणि कुठं हा! फसवलं मेडिकलवाल्यानं!" मी पाकिटातला आणखी एक काढला. पांढरा! शेवटचा काढला. पांढरा! "सगळा लॉटच खराब! सगळा रिजेक्ट! उद्या जातो आणि त्याच्या तोंडावर…"

आणि मागून जयमाला, एवढ्या हळू आवाजात, "अहो."

"थांब जरा."

"अहो, मास्टर पांढराच होता ना हो?"

…

तुम्ही कधी फिरतं मशीन एकदम बंद झालेलं ऐकलंय? आवाज जातो ना, तेव्हा कळतं की आधी केवढा आवाज होता. तसं झालं. मी मास्टरकडं बघितलं. गुरुवारनंतर मी त्याच्याकडं बघितलंच नव्हतं हो! आम्ही मास्टरकडं बघत नाही, आम्ही मास्टरशी जुळवून बघतो! माझी सही होती त्याच्यावर, निळ्या पेनाची. ती सही दिसत नव्हती. काळ्यावर निळं कसं दिसणार?

म्हणजे माझा मास्क सुधारला नव्हता! मास्टर बिघडला होता! मी सुधारायची वाट बघत होतो आणि तो रोज दोरीवर लटकत खाली, खाली, माझ्या बरोबरीला येत होता! माझा मास्क रस्त्यावर जाऊन-येऊन अडीच-तीन तास, बाकीचा वेळ चेनच्या पिशवीत. आणि तो? चोवीस तास गॅलरीत. आमच्या गॅलरीत! खाली ग्राइंडर, पलीकडं वायरी जाळून तांबं काढणारा, समोर बिल्डिंगचं काम, त्याच्यामागं रस्ता. कुणी श्वाससुद्धा घेतला नव्हता हो त्या मास्कमधून! नुसता लटकत होता!

वर्षाली आली, तिनं बघितलं आणि तिचा हात आपोआप नाकावर गेला. तिचं टेबल गॅलरीच्या दाराशी आहे. उजेड चांगला येतो म्हणून मीच लावून दिलंय.

आणि जयमाला. ती काहीतरी चिडून बोलेल असं मी धरून चाललो होतो. तिनं ग्रिलवरून एक बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं, आणि म्हणाली, "मी रोज पुसते हो हे. रोज सकाळी. रोज फडकं काळं होतं. मला वाटायचं, माझ्या पुसण्यातच काहीतरी राहतंय."

मी क्वालिटीवाला, घरातला माल रोज तिच्या फडक्यावर तपासून जात होता आणि मला पत्ता नाही!

आबाजी मास्क लावूनच पायरीवर टेकले. बराच वेळ नुसता मास्क आत-बाहेर, आत-बाहेर. मग म्हणाले, "ज्ञानदेवा, म्हंजे म्या गच्चीव सायकल मारायची… म्हंजे हीच हवा जोरजोरात वडायची व्हय रं?"

मी म्हटलं, "हो आबाजी. भात्यासारखी. डॉक्टरच म्हणाले."

"आन बसून ऱ्हायलो तर?"

"तर हळूहळू."

आबाजी उठले. दोरी गोळा केली, पान्हा खिशात घातला. "र्‍हाऊ द्या मंग तुमची सायकल. गुडघा दुखतोय त्यो दुखू द्या." जिन्यापर्यंत गेले आणि वळले. "पर मास्क ह्यो मी नेतो."

आता राहिलो आम्ही तिघं. मी हिंमत करून विचारलं, "मग… सायकलचं काय?"

जयमाला म्हणाली, "ठरलं काय होतं? मास्टरशी जुळला तर सायकल तुमची. जुळलाय की." ते दोन्ही काळे मास्क तिनं चिमट्यातून काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. "आणि बसमध्ये बसून तरी तुम्ही वेगळं काय ओढणार आहात? खिडक्या तिच्याही उघड्याच की. चालवा."

जिंकलो हो मी! कुणी अभिनंदन नाही केलं, पण जिंकलो! अशी जिंकायची पाळी शत्रूवर येऊ नये! मी आपला सायकलीशेजारी उभा राहिलो, सीटवर हात ठेवून, तर आतून जयमालाचा आवाज, "वर्षाली, हा घे, नाक नीट दाब वरून." आणि वर्षालीचा, "मम्मी, तुझा उलटा लागलाय."

जयमालानं मास्क लावून पोळ्या केल्या. वर्षालीनं मास्क लावून अभ्यास केला. पाकीट रिकामं. मी संध्याकाळी मेडिकलमध्ये गेलो. तो म्हणाला, संपले, बुधवारी येतील.

सोमवार, पंधरा डिसेंबर. हवामान कोरडं, थंड. सायकलनं गेलो. मास्क नव्हता.